‘वॉटरशेड’ : शब्द आणि शिवार

आज एका इंग्रजी शब्दाविषयी तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. खेड्यातल्या माणसाला इंग्रजी शब्दाचे काय करायचे, असे तुम्ही म्हणाल. पण हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या फलकावर आला आहे, कृषी खात्याच्या कागदावर आला आहे, शाळेच्या भूगोलात आला आहे आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही आला आहे. तो शब्द म्हणजे ‘वॉटरशेड’. आपल्याकडे कोणी त्याला ‘वाटरशेट’ म्हणतात, कोणी नुसते ‘शेड’ म्हणतात. वॉटर म्हणजे पाणी आणि शेड म्हणजे टिनपत्र्याचे छप्पर. तेव्हा पाणी साठवायला सरकार कुठेतरी शेड बांधून देणार आहे, अशी समजूत करून घेतलेली माणसे मला भेटली आहेत. त्यांना हसू नका. मी इंग्रजीचा एम. ए., कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस. पण या शब्दाच्या बाबतीत मी त्यांच्याहून मोठी चूक केली आहे. ती चूक पुढे सांगतो. आधी शब्द पाहू.

इंग्रजीत ‘शेड’ हे एकच रूप असलेले दोन वेगळे शब्द आहेत. एक छपराचा. दुसरा एका जुन्या क्रियापदाचा. या जुन्या ‘शेड’चा मूळ अर्थ वेगळे करणे, विभागणे असा होता. इंग्लंडच्या काही भागांतल्या बोलीत डोक्यावरच्या केसांच्या भांगालाही ‘शेड’ म्हणत. जर्मन भाषेत ‘वासरशायडे’ असा शब्द आहे; त्याचा सरळ अर्थ पाण्याची विभागणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत ‘वॉटरशेड’ शब्द रूढ झाला तो बहुधा याच जर्मन शब्दाच्या वळणावर. म्हणजे वॉटरशेड हे पाण्याचे छप्पर नव्हे. वॉटरशेड म्हणजे पाण्याचा भांग.

माऊली सकाळी लेकीची वेणी घालते. फणीच्या टोकाने कपाळापासून टाळूपर्यंत एक रेघ ओढते. रेघेच्या या बाजूचा केस इकडे, त्या बाजूचा तिकडे. जमिनीवरही अशाच रेघा असतात. डोंगराची धार, माळाची उंच पाठ ही ती रेघ. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस एका नदीला जातो, दुसऱ्या अंगाला पडलेला दुसऱ्या नदीला. भूगोलाच्या पुस्तकात याच रेघेला ‘जलविभाजक’ म्हटले आहे. शब्द बरोबर आहे, पण जड आहे. मुलाला एकदा भांगाची उपमा सांगा, मग जलविभाजक शब्द तो आपोआप लक्षात ठेवील.

आता आपण वाशीम जिल्ह्याची माणसे. आपल्याला हा भांग पाहायला दूर जावे लागत नाही; आपण त्याच्यावरच राहतो. अकोल्याहून वाशीमला येताना पातूर सोडले की गाडी घाट चढू लागते. मेडशी येते, मग मालेगाव येते. घाट चढून आलो खरे, पण पलीकडे तसा उतार लागत नाही. पुढे पठारच लागते. जुन्या काळी वऱ्हाडाचे दोन भाग मानत असत : घाटाखालचा तो पायनघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे हा पायनघाट, वाशीम बालाघाटात. म्हणजे इंग्रजी शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी ही रेघ ओळखली होती आणि तिच्यावरून मुलखाला नावे दिली होती.

या रेघेवर पडलेल्या दोन थेंबांचा प्रवास पाहा. काटेपूर्णा नदी आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावते आणि उत्तरेला वाहते. महानच्या धरणात ती अडते. अकोला शहर तिचे पाणी पिते. पुढे ती पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून अरबी समुद्रात जाते. हा झाला एक थेंब. दुसरा थेंब त्याच माळावर, पण काही पावले दक्षिणेला पडला. तो ओढ्यानाल्यांतून पैनगंगेला गेला. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी पार आंध्राच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात शिरते. अरुणावती, अडाण या आपल्याकडून यवतमाळ जिल्ह्यात जाणाऱ्या नद्यांचे पाणीही शेवटी पैनगंगेच्याच वाटेने जाते. एकाच ढगातले दोन थेंब, एकाच शिवारात पडलेले. एक पश्चिम समुद्रात, एक पूर्व समुद्रात.

ऐकायला हे मोठे गमतीचे वाटते. पण यात आपल्या जिल्ह्याचे दुखणेही आहे. जो माथ्यावर राहतो त्याच्याकडे वरून पाणी येत नाही. पैनगंगा बुलढाण्याकडून येते, ती सोडली तर आपल्या बहुतेक नद्या इथेच जन्मतात आणि थोड्या मोठ्या झाल्या की जिल्हा सोडून जातात. आपण नद्यांच्या माहेरची माणसे. लेक सासरी नांदते, भरते, थोर होते. माहेरी तिचे बाळपण तेवढे राहते. तेव्हा आपल्या शिवारात जो पाऊस पडतो तेवढाच आपला.

आता शब्दाचा दुसरा अर्थ. अमेरिकेत गेल्यावर या शब्दाने आपली जागा बदलली. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक वॉटरशेड हा शब्द रेघेला न लावता रेघेच्या आतल्या सगळ्या जमिनीला लावू लागले. एखाद्या नाल्यावर एका ठिकाणी उभे राहा. त्या जागी ज्या ज्या जमिनीवरचे पाणी वाहून येते ती सगळी जमीन मिळून त्या जागेचे वॉटरशेड. इंग्लंडातले लोक यालाच ‘कॅचमेंट’ म्हणत आणि आपल्याकडे इंग्रजी अमदानीत धरणे बांधणाऱ्या इंजिनिअरांनीही तोच शब्द वापरला. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने तर १८९० च्या सुमारास असे सुचवले होते, की कोरड्या पश्चिम भागात प्रदेशाच्या सीमा फूटपट्टीने न आखता पाण्याच्या या हद्दींवरून आखाव्यात. त्याचे कोणी ऐकले नाही. पण शब्दाचा हा अमेरिकन अर्थ मात्र जगभर पसरला, आणि आपल्याकडे पाणलोट विकासाच्या योजना आल्या त्या हाच अर्थ घेऊन आल्या. महाराष्ट्रात १९८३ पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून ‘वॉटरशेड’ला ‘पाणलोट क्षेत्र’ हा प्रतिशब्द खेडोपाडी पोचला. भूजलाचे मोजमाप ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने सगळ्या राज्याची अशा दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे.

आपला ‘पाणलोट’ शब्दही मोठा बोलका आहे. पाणी आणि लोट. लोटणे म्हणजे पुढे ढकलणे. पाण्याचा लोट म्हणजे लोंढा. पाणी जिकडून लोटत येते ते पाणलोट क्षेत्र. कुठे कुठे ‘पाणढाळ’ असेही म्हणतात; तोही चांगला. इंग्रजी शब्द मुळात वेगळे करण्याचा, आणि आपला शब्द एकत्र लोटत येण्याचा. लक्षात ठेवा, पहिल्या अर्थाने वॉटरशेड ही एक रेघ आहे आणि दुसऱ्या अर्थाने ती एक परात आहे. परातीची कड म्हणजे पहिला अर्थ. कडेच्या आतली अख्खी परात म्हणजे दुसरा.

आता माझी चूक सांगतो.

मी नोकरीला लागून तीनचार वर्षे झाली होती. आपल्याच जिल्ह्यातले एक गाव. नाव सांगत नाही. गाव खाली नाल्याच्या काठी आणि वर माळावर तांडा. गावात माझे नातलग. तिथे पाणलोटाच्या कामाची ग्रामसभा होती. कोणीतरी इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, “सर आलेच हायेत, तेच वाचून सांगतीन.” मला बरे वाटले. कागदावर एवढेच होते, की वॉटरशेडचे क्षेत्र पाचशे हेक्टर असून कामाला माथ्यापासून सुरुवात होईल. मी इंग्लंडात छापलेला कोश वापरून शिकलेला. मी मोठ्या आवाजात सांगितले, “वॉटरशेड म्हणजे दोन नद्यांचे पाणी वेगळे करणारी माथ्यावरची जमीन. त्या माथ्यावरच्या पाचशे हेक्टरांत हे काम होणार आहे.”

सभा शांत झाली. मग खालच्या गावातले एक शेतकरी उठले. म्हणाले, “मंग आमचा काय संबंध? आमचं वावर तर नाल्यापाशी.” त्यांच्यामागे पाचसहा जण उठून गेले. तांड्यातली मंडळी तर अधिकच घाबरली. माथ्यावरची सगळी जमीन म्हणजे त्यांचीच जमीन आणि त्यांच्या गुरांचे रान. आपली जमीन जाणार, अशी त्यांची समजूत झाली. तेही उठले. ठराव झाला नाही. तो उन्हाळा तसाच गेला आणि पुढचा पावसाळा नाल्यातून गढूळ होऊन वाहून गेला.

एका शब्दाचा दोनांपैकी भलता अर्थ सांगितला, एवढीच माझी चूक. पण पाचशे हेक्टरांवर पंचवीस मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर किती पाणी होते, याचा हिशेब तुम्हीच करा. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर म्हणजे हेक्टरी अडीच लाख लिटर. पाचशे हेक्टरांचे झाले साडेबारा कोटी लिटर. हे एका चांगल्या पावसाचे. सगळेच पाणी अडत नाही, अडवायचेही नसते. पण त्यातला काही वाटा तरी जमिनीत मुरला असता. तो मुरला नाही, यात माझ्या पांडित्याचाही हातभार होता.

दुसऱ्या वर्षी एका कृषी सहायकाने कोश न उघडता तीच गोष्ट समजावून दिली. त्याने अंगणात परात मागवली, तिच्यात ओली माती रचून माळ केला, नाला केला आणि तांब्याने वरून पाणी ओतले. पाणी माती घेऊन सरळ खाली आले. मग त्याने माथ्यापासून खालपर्यंत बोटाने आडव्या चऱ्या पाडल्या आणि पुन्हा पाणी ओतले. या वेळी पाणी थबकत, मुरत, सावकाश आले आणि निवळ आले. “माथा ते पायथा म्हणतात ते हे,” तो म्हणाला. “आधी वर चर खोदायचे, मग उतारावर बांध, मग नाल्यात दगडी बांध, आणि सगळ्यात शेवटी खालचा बंधारा. वरचं काम न करता खालचा बंधारा बांधला तर दोनचार पावसांत तो गाळानं भरतो.” पाचशे हेक्टर म्हणजे ही अख्खी परात, तुमचे नाल्याकाठचे वावर धरून, हे सगळ्यांना तेव्हा कळले. मलाही तेव्हाच कळले.

पण खरा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो तांड्यातल्या एका वृद्ध नाईकांनी विचारला. ते म्हणाले, “समजलं. पन मले एक सांगा. चर आमच्या रानात, चराई बंद आमच्या ढोराले, आन् विहीर भरनार खालच्या पाटलाची. मंग आमी हे कावून करावं?”

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोशात नाही. आणि हाच या शब्दाचा गाभा आहे. परातीच्या कडेवर राहणारा आणि तळाशी राहणारा, दोघे एकाच परातीत आहेत. वरच्याने पाणी अडवले तर खालच्याचे भले होते. वरच्याने झाड तोडले तर खालच्याच्या शेतात गाळ येतो. कष्ट एकाकडे आणि फळ दुसऱ्याकडे, असा निसर्गाचाच उतार आहे. तो उतार माणसांनी बसून थोडा सपाट करायचा असतो.

हे ज्यांनी केले त्यांची दोन उदाहरणे सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम सुरू केले. ते स्वतः इंजिनिअर आणि कारखानदार. त्यांनी नियम केला, की पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचा. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही. दुसरे उदाहरण हरियाणातल्या सुखोमाजरी गावाचे. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा गाळ येतो कुठून हे शोधत माणसे वर गेली, ती या गावाच्या उघड्या टेकड्यांपाशी पोचली. गावकऱ्यांना नुसते “टेकडीवर गुरे सोडू नका” म्हणून भागणार नव्हते. मग गावासाठी छोटे बांध घालून पाणी दिले गेले, आणि त्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक घराला वाटा मिळाला. टेकडी राखण्यात आपला फायदा आहे हे कळल्यावर लोकांनी ती आपणहून राखली. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांची नावे तर तुम्हाला ठाऊकच आहेत. तिथेही कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी टिकली ती गावाने ठरवली म्हणून.

आमच्या त्या गावात एवढे मोठे काही घडले नाही. पण नाईकबाबांच्या प्रश्नावर दोन संध्याकाळी बोलणे झाले आणि असे ठरले, की बंद केलेल्या रानातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क तांड्याचा. मजुरीची कामे आधी तांड्याला. आणि ज्यांच्या विहिरीला पाणी वाढेल त्यांनी उन्हाळ्यात तांड्याच्या पिण्याच्या पाण्याला नाही म्हणायचे नाही. पुढे कोणी शब्द पाळला, कोणी पाळला नाही. दोन वर्षे भांडणेही झाली. पण चर राहिले. गेल्या वैशाखात मी तिथे गेलो होतो. तांड्यावर पाण्याचे पिंप घेऊन बैलगाडी येताना पाहिली. गाडी खालच्या गावातल्या शेतकऱ्याची होती. पहिल्या सभेतून पहिले उठून गेलेले तेच ते गृहस्थ. मला पाहून म्हणाले, “सर, आता वाटरशेट समजलं बरं का!” मी म्हटले, “काका, मलेबी.”

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे. या शब्दाचा तिसरा, लाक्षणिक अर्थ वर्तमानपत्रांत सापडतो. एखादी घटना अशी असते, की तिच्या आधीचा काळ वेगळा आणि नंतरचा वेगळा; माळाच्या धारेसारखी ती मध्ये उभी असते. तिला इंग्रजीत वॉटरशेड म्हणतात. अशा वेळी भाषांतरात ‘पाणलोट घटना’ असे लिहू नका. ‘१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या पाण्याच्या विचाराला कलाटणी दिली’, हे झाले सरळ मराठी. ब्रिटनमध्ये रात्री नऊच्या वेळेलाही वॉटरशेड म्हणतात; लहान मुलांनी पाहू नयेत असे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम त्या वेळेनंतरच दाखवतात. तिथेही अर्थ तोच, इकडचे आणि तिकडचे वेगळे करणारी रेघ. तेव्हा मुलांना तीन ओळी सांगा : डोंगराबद्दल बोलणे चालले असेल तर जलविभाजक, जमिनीच्या कामाबद्दल असेल तर पाणलोट क्षेत्र, इतिहासाबद्दल असेल तर कलाटणी. शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, वाक्यात असतो. मी त्या सभेत वाक्य पाहिले नाही, शब्द तेवढा पाहिला. ज्या कागदावर ‘क्षेत्र पाचशे हेक्टर’ लिहिले आहे तिथे ती नुसती रेघ असणार नाही, एवढे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

आणि एक प्रयोग वर्गात करून पाहा. प्रत्येक मुलाला एक जाडसर कागद द्या. तो चुरगाळायला सांगा आणि मग अर्धवट उलगडून टेबलावर ठेवायला सांगा. झाले डोंगर आणि दऱ्या. उंच धारांवर शाईने रेघ ओढू द्या, आणि मग बोटांनी पाणी शिंपडू द्या. शाई कोणकोणत्या खळग्यात उतरते ते मुले पाहतील. एका खळग्यात जिथून जिथून शाई आली तेवढा कागद त्या खळग्याचे पाणलोट क्षेत्र. यानंतर पहिला चांगला पाऊस उघडला की मुलांना घेऊन शाळेबाहेर पडा. शाळेच्या आढ्यापासून सुरुवात करा. आढ्याच्या अलीकडचे पाणी या पागोळ्यांना, पलीकडचे त्या पागोळ्यांना. पागोळ्यांचे पाणी कोणत्या नालीत, नाली कोणत्या ओढ्यात, ओढा कोणत्या नदीत, हे पावलापावलाने शोधू द्या. आपल्या शाळेच्या छपरावरचे पाणी तापीला जाते की गोदावरीला, एवढे एक उत्तर प्रत्येक मुलाने स्वतः शोधून वहीत लिहावे. वाशीम जिल्ह्याच्या शाळांत हे उत्तर एकसारखे येणार नाही, हीच त्यातली मौज.

शेतकरी बांधवांना माझे सांगणे थोडेच आहे. यापुढे ग्रामसभेत कोणी वॉटरशेडचा कागद वाचू लागले तर तीन प्रश्न विचारा. या पाणलोटाची कड कुठून कुठे जाते ती शिवारात चालून दाखवता का? काम माथ्यापासून सुरू होणार आहे की बंधाऱ्यापासून? आणि वरच्याने कष्ट केले तर त्याला खालच्याकडून काय मिळणार? वाचणारा कॉलेजातला असला तरी विचारा. त्याला उत्तर आले नाही तर त्याला परात आणि तांब्याभर पाणी द्या.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपले जुने लोक म्हणत. ते खरेच आहे. पाणी वर जाणार नाही. पण पाण्याचा काही मोबदला वर जाऊ शकतो. तो न्यायचा की नाही, हे परातीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचे आहे.